मद्यमुक्तीची सभा : शोधावी कशी, जावे कसे?

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. नांदेडहून हैदराबादकडे जाणारा रस्ता येथून पुढे तेलंगणात शिरतो आणि कर्नाटकाची हद्दही फार दूर नाही. अशा सीमाभागात दारूचे दुकान कोठे आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. परंतु रुग्णालयातून दारू सोडून आलेल्या माणसाने पुढे कोठे जावे, असे एखाद्या गृहिणीने शिक्षकाला अगर सरपंचाला विचारले, तर उत्तर सहसा मिळत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला होता.

प्रारंभीच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हात कापणे, झटके येणे, दोन-तीन दिवसांत भ्रम होणे असे प्रकार घडतात व ते प्राणावरही बेतू शकतात. म्हणून शपथ देऊन घरात कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेख हवी. सभेचे काम त्यानंतरचे, आणि ते दीर्घकाळ चालणारे आहे.

या सभांची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात झाली. बिल विल्सन हा शेअर बाजारातील मनुष्य नुकताच दारूतून सुटला होता. व्यवहार फसल्याने परगावी एकटा पडलेला असताना त्याला पुन्हा पिण्याची इच्छा झाली. तेव्हा त्याने दुसऱ्या एखाद्या मद्यपीचा शोध घेतला. त्याला सुधारण्यासाठी नव्हे, तर स्वतः सावरण्यासाठी! त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची भेट झाली व 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. तिलाच आपल्याकडे 'ए.ए.' म्हणतात. भारतातील तिचे मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईत आहे.

सभेचे स्वरूप अगदी साधे असते. तास-दीड तास मंडळी बसतात. ज्याला बोलावेसे वाटते तो आपला अनुभव सांगतो, इतर ऐकतात. कोणी उपदेश करीत नाही, मध्येच प्रश्न विचारीत नाही. नवख्याने नुसते बसून राहिले तरी चालते. प्रवेश फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. जन्मभर न पिण्याची प्रतिज्ञा कोणी मागत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, इतकेच. जुना सभासद नव्याचा मार्गदर्शक होतो आणि मन डळमळले की रात्री-अपरात्रीही त्याला दूरध्वनी करता येतो. २०२० साली २७ अभ्यासांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मद्यापासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धती इतर मान्य उपचारांच्या बरोबरीची किंवा सरस आढळली.

सभा शोधताना अडचण येते ती संघटनेच्या याच गुप्ततेमुळे. वेळ आणि स्थळ मात्र गुप्त नसते. ए.ए.च्या मध्यवर्ती कार्यालयाकडे किंवा तिच्या संकेतस्थळावर जवळच्या गटाची चौकशी करता येते. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा, तसेच नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग येथेही विचारावे. निघण्यापूर्वी सभेचा वार आणि सभा 'खुली' की 'बंद' हे विचारून घ्यावे. खुल्या सभेस नातेवाईक व कार्यकर्ते बसू शकतात, बंद सभा फक्त मद्यपींसाठी असते. देगलूरहून नांदेड सुमारे ८० किलोमीटर. मजुरी बुडवून दर आठवड्याला इतके अंतर जाणे सोपे नाही. उलट काहींना हे अंतरच सोयीचे वाटते, कारण तेथे ओळखीचे कोणी भेटत नाही. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांना अलीकडे मोबाईलवरूनही सभेत बसता येते.

गावातच गट सुरू व्हावा असे वाटल्यास दोन मद्यपी एकत्र आले तरी पुरते. ग्रामपंचायतीने समाजमंदिराची एखादी खोली संध्याकाळी द्यावी. गट भाडे देऊ करील तर थोडेसे का होईना घ्यावे. बाहेरची देणगी वा अनुदान न घेण्याचा त्यांचा नियम आहे, त्यात आपला अपमान मानू नये. यादी मागू नये, अहवाल मागू नये आणि 'व्यसनमुक्तांचा सत्कार' तर मुळीच ठेवू नये. (कार्यक्रम म्हटला की छायाचित्र हवेच, हा आमच्या खात्याचा जुना मोह, तो येथे आवरावा लागतो.)

नवरा सभेला यावयास तयार नसेल तर घरच्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी 'ॲल-अनॉन' हे स्वतंत्र गट आहेत. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. ॲल-अनॉनच्या सभेला जाण्यासाठी नवऱ्याने दारू सोडलेली असण्याची अट नाही. तो घरी पिऊन पडलेला असला, तरी ती जाऊ शकते.