अंडी मोजताना स्वतःलाही मोजा



आज सकाळी कामावर निघताना तुम्ही काय खाल्लं? बहुतेक जणी म्हणतील, "चहा घेतला आणि सोबत एक टोस्ट." हा टोस्ट म्हणजे बेकरीतला, चहात बुडवायचा कडक टोस्ट. त्यात मैदा आणि साखर. पोट तेवढ्यापुरतं भरतं, पण दहा वाजता खुरपताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात अंडी असली, तर ती मुलांना आणि धन्याला. आपल्या वाट्याला तव्यावरचं खरवडलेलं.

बाईच्या शरीराला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यातून 6 ग्रॅमच्या आसपास मिळतात. पिवळ्या बलकात अ आणि ड जीवनसत्त्व असतं. म्हणून बलक टाकू नका. गावरान अंडं महाग असलं, तरी पोषणात पांढऱ्या अंड्यापेक्षा फार वेगळं नसतं. परवडेल ते घ्या.

आज चौघांसाठी अंडा-टोस्ट करू. चार अंडी, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, चिमूटभर हळद, मीठ, दोन चमचे तेल आणि ब्रेडच्या आठ स्लाइस एवढंच लागतं. ब्रेड नसेल तर पाव घ्या, नाहीतर रात्रीची भाकरी.

आधी अंडं पारखा. पाण्याच्या भांड्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, ते लगेच वापरा. तरंगलं तर टाकून द्या. अंडं जुनं होतं तशी आतली हवेची पोकळी वाढते, म्हणून ते तरंगतं. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. एक खराब निघालं तरी बाकीची वाया जात नाहीत. अंडी धुवून साठवू नका. कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतूंना आत वाट मिळते. वापरायच्या वेळीच धुवा, आणि नंतर हातही.

आता तवा मध्यम आचेवर ठेवा. ब्रेड कोरडाच, दोन्ही बाजूंनी बदामी होईपर्यंत भाजा. त्यातलं पाणी उडालं की अंड्याखाली तो लिबलिबीत होत नाही. भाकरी असेल तर ती कडक होऊ द्या.

मग तेलात कांदा-मिरची परता, हळद-मीठ घाला, फेटलेली अंडी ओता, वर कोथिंबीर पेरा. आच बारीक करून झाकण ठेवा. इथे घाई नको. मोठ्या आचेवर अंडं आवळतं, पाणी सोडतं आणि रबरासारखं चिवट होतं. तीन-चार मिनिटांत उलटा. ओलसर भाग उरू देऊ नका. कच्च्या अंड्यात जंतू असू शकतात. गरोदर बाईला आणि लहान मुलांना तर पूर्ण शिजलेलंच द्या.

वरून लिंबू पिळा. लिंबामुळे अन्नातलं लोह अंगी लागतं. चहामुळे उलट होतं, म्हणून चहा तासाभराने घ्या.

ज्या घरी अंडं चालत नाही, किंवा ज्या दिवशी वार असतो, त्या दिवशी याच टोस्टवर बेसनाचा पोळा घाला. सोबत मोड आलेली मटकी किंवा मूठभर शेंगदाणे घ्या.

आता शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. चार अंड्यांची पोळी झाली की तव्यावरच तिचे चार भाग करा. एक भाग आधी आपल्या ताटलीत काढून ठेवा. "मी नंतर खाईन" म्हटलं की ते नंतर येत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. यात स्वार्थ नाही. घर जिच्या अंगावर चालतं, तिच्या अंगात बळ हवं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेबाच्या आधी एकमेकींना विचारा, "आज सकाळी काय खाल्लंस?" आणि दुकानात अंडी घेताना घरची माणसं मोजाल, तेव्हा स्वतःलाही मोजा.