पुस्तक वाचून दुःख हलकं होतं का?

‘डॉक्टर, गोळ्या नकोत. एखादं चांगलं पुस्तक सांगा.’ मेडिसिनच्या ओपीडीत हे वाक्य हल्ली वारंवार ऐकू येतं. छातीत धडधड, झोप नाही, भूक मेलेली अशा तक्रारी असतात. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. जरा विचारपूस केली की कळतं, दोन-तीन महिन्यांपूर्वी घरातलं कुणीतरी गेलं आहे. मानसोपचार विभाग त्याच इमारतीत असतो, पण त्या दारासमोर रांगेत उभं राहायची तयारी नसते. पुस्तक हातात धरलं तर मात्र कुणी काही म्हणत नाही.

ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डेव्हिड बर्न्स या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचं ‘फीलिंग गुड’ हे पुस्तक १९८० साली आलं. मनात आपोआप येणारे विचार कागदावर उतरवायचे, ते तपासायचे, असा गृहपाठ त्यात आहे. फॉरेस्ट स्कोगिन आणि सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या वृद्धांना अशी पुस्तकं देऊन चार आठवड्यांनी तपासलं. नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांत सुधारणा जास्त होती. मात्र या लोकांना दर आठवड्याला एक छोटा फोन जायचा, हा तपशील सहसा कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये तर २०१३ पासून डॉक्टरांनी सुचवलेली निवडक पुस्तकं सार्वजनिक ग्रंथालयांतून देण्याची योजना चालते. मराठीतही डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘विषादयोग’, ‘स्वभाव-विभाव’ यांसारख्या पुस्तकांनी हा विषय घराघरांत नेला आहे.

शोकाचं मात्र वेगळं आहे. नैराश्य हा आजार. शोक हा आजार नव्हे. त्यामुळे ‘दुःखातून बाहेर पडण्याचे अमुक उपाय’ अशा मुखपृष्ठाचं पुस्तक मी सहसा सुचवत नाही. अशा बहुतेक पुस्तकांत पाच टप्पे हमखास भेटतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. हे टप्पे एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९च्या ‘ऑन डेथ अँड डाइंग’मध्ये मांडले. त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्या स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या. मागे राहिलेल्यांना हे टप्पे नंतर लावले गेले. डेव्हिड केसलर यांच्यासोबत लिहिलेल्या आणि २००५ मध्ये आलेल्या पुस्तकात तर बाईंनीच स्पष्ट केलं की, हे टप्पे सगळ्यांना येतातच असं नाही आणि त्यांचा क्रमही ठरलेला नाही. पण तोवर टप्पे जगभर पोचले होते, खुलासा मात्र मागेच राहिला.

याचा त्रास काय होतो, ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या एक बाई साडेचारशे साखर घेऊन वॉर्डात दाखल झाल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा अपघातात गेला होता. उशाशी भाचीने दिलेलं पुस्तक, टप्प्यांच्या प्रकरणात पेन्सिलीच्या खुणा. ‘मला राग आलाच नाही. माझं काही चुकतंय का?’ त्यांनी विचारलं. जाऊबाईंचं म्हणणं वेगळं, ‘सहा महिने झाले, आता स्वीकारायला हवं ना!’ पुस्तक वाचतायत म्हणजे सावरतायत, असं घरच्यांनी धरून चाललं होतं. मी एवढंच विचारलं, ‘ताई, इन्शुलिन राहून जातं, की घ्यावंसंच वाटत नाही?’ बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘कशासाठी घ्यायचं?’ त्याच दुपारी आमच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडम वॉर्डात येऊन त्यांच्याजवळ बसल्या.

मग वाचायचं काय? ज्याने स्वतः सोसलंय त्याचं लिहिलेलं वाचा, असं मी म्हणतो. आत्मकथनं, पत्रं, कविता. उपदेश जितका कमी तितकं बरं. पहिल्या काही आठवड्यांत एकच ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. तेव्हा दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं. आपल्याकडे तेराव्यापर्यंत गरुडपुराण लावतात. त्यातल्या नरकयातनांची वर्णनं मला वैयक्तिकरीत्या नको वाटतात, पण त्या निमित्ताने रोज चार माणसं घरात येऊन बसतात, ही सोय चांगलीच आहे. आणि वाचवत नसेल तर पुस्तक मिटून भाजी निवडायला बसावं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की, शोकातला माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यात आलटून पालटून ये-जा करत असतो, आणि सावरणं घडतं ते या ये-जा करण्यातूनच. म्हणून महिन्याभरात सूनबाई टीव्हीवरच्या विनोदाला हसली, तर भुवया उंचावू नयेत.

पुस्तक पुरत नाही, हे ओळखायचं कसं? गेलेल्या माणसाची तीव्र ओढ दिवसभर तशीच राहते, घरकाम-नोकरी ठप्प होते आणि हे महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा त्याला ‘प्रदीर्घ शोकविकार’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष किमान सहा महिन्यांचा आहे, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचा प्रौढांसाठी वर्षाचा. पण नेहमीची औषधं बंद करणं, जेवण टाकणं, दारू वाढणं, ‘मीही जायला हवं होतं’ असं बोलणं यातलं काही दिसलं, तर सहा दिवसही थांबू नका. स्पष्ट विचारा, ‘जगावंसं वाटतं ना?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात भरवला जातो, ही भीती निराधार आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. केसपेपर काढताना सोबत कुणीतरी जा. रात्री-अपरात्री केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.