वर्डप्रेसची थीम आणि देवनागरी

वर्डप्रेसमध्ये लेख डेटाबेसमध्ये साठवले जातात, त्यांचे दृश्य रूप थीम ठरवते. म्हणून थीम बदलली तरी मजकूर शाबूत राहतो. रंग, बोधचिन्ह, मेनू यांसाठी जुन्या पद्धतीच्या थीममध्ये ‘कस्टमायझर’ असतो. ब्लॉक थीमसाठी २०२२ मधील ५.९ आवृत्तीपासून ‘साइट एडिटर’ आहे. मूळ थीमच्या फायलींत थेट केलेले बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसले जातात. ते चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये करणेच शहाणपणाचे.

मराठी संकेतस्थळाची खरी कसोटी अक्षरांत लागते. बऱ्याच थीमची मापे रोमन लिपीसाठी बेतलेली असतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. ते शून्यच ठेवावे. ओळींमधले अंतर कमी असेल, तर ‘पूर्णा तालुका, परभणी जिल्हा’ असे दोन ओळींत मोडलेले शीर्षकही दाटते: ‘पूर्णा’तला रफार शिरोरेषेच्या वर जातो, दीर्घ ऊकार खाली उतरतो. मजकुरासाठी अक्षराच्या उंचीच्या दीडपट किंवा थोडे जास्त अंतर वाचनीय ठरते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट यासाठी उत्तम. मोबाइलवर पाहिल्याशिवाय कोणताही बदल कायम करू नये.