फळ्यावरचा शनिवार

दुबईच्या करामा वस्तीत एका बिऱ्हाडाच्या दिवाणखान्यात भरणारा मराठीचा वर्ग पूर्वी शुक्रवारी भरत असे. परंतु संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण सुटीचे दिवस शनिवार व रविवार केले, आणि तेव्हापासून फळ्याच्या शिरोभागी शनिवार विराजमान झाला. शुद्धलेखनाच्या दृष्टीने हा बदल लाभदायकच म्हटला पाहिजे. कारण एकटा असताना दीर्घ असलेला 'शनी' शेजारी 'वार' येताच ऱ्हस्व होतो, ही मेख आता दर आठवड्यास, कोणताही नियम न सांगता, मुलांच्या दृष्टीस पडते.

बाईंचा शिरस्ता असा की, तारीख, वार आणि त्या दिवशीचे एक वाक्य फळ्यावर मांडून मुलांना ते क्षणभर न्याहाळू द्यावयाचे, मग त्यावर चादर ओढावयाची. मुलांनी आठवून लिहावयाचे आणि चादर दूर होताच ज्याची त्यानेच रुजुवात घालावयाची. श्रुतलेखनाला येथे गौण स्थान आहे, आणि ते मला सर्वथा योग्य वाटते. ही मुले शाळेत अरबी सक्तीने शिकतात. त्या भाषेत 'कतबा' म्हणजे त्याने लिहिले आणि 'कातबा' म्हणजे त्याने पत्रव्यवहार केला, आणि हा भेद कानाला स्वच्छ कळतो. आपल्या बोलण्यात मात्र 'दिन' आणि 'दीन' यांतील अंतर बहुधा लोपलेलेच असते. मग जे कानावर पडतच नाही, ते कानाच्या भरवशावर लिहवून घेण्याचा अट्टाहास कशासाठी?

त्यातच शाळेतल्या हिंदीची लिपी हीच, पण दंडक निराळा: तेथे 'कवि', येथे 'कवी', तेथे 'फूलों' दीर्घच राहते, येथे 'फुलांना' होताना ऊकार आखडतो. म्हणून वह्यांत शब्द एकेकटे न येता कुटुंबकबिल्यासह येतात: फूल, फुलाला, फुलांचा, गरीब, गरिबाला, गरिबांना. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. परंतु ही १८ कलमे मुखोद्गत केल्याने हात शुद्ध होतो, असे निदान माझ्या पाहण्यात नाही. (मुखोद्गत असणारी वडीलधारी मंडळीही पत्रात बेलाशक चुकतात, तो भाग वेगळा.)

तपासणीतही लाल शाईचा मारा नाही. पानभर चुका असल्या तरी बाई एका वेळी एकाच जातीच्या चुकांखाली रेघ ओढतात, बाकीच्यांना पुढील मुदत देतात. त्यामुळे मूल वही लपवीत नाही.

आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गाला घराची जोड हवीच. तेव्हा परदेशस्थ पालकांना एवढीच विनंती की, किराणामालाची यादी मोबाइलवर रोमन लिपीत न टिपता मुलाच्या हातून कागदावर देवनागरीत लिहवून घ्यावी. मीठ, पीठ, तूप, गूळ आणि लसूण एवढ्या जिनसांत दीर्घ उपान्त्याचा नियम पुरता येऊन जातो.