मनगटावरील अत्तराची परीक्षा

अत्तर एका नावाने विकले जात असले तरी ते अनेक द्रव्यांचे मिश्रण असते, आणि त्या प्रत्येक द्रव्याचा हवेत उडून जाण्याचा वेग निराळा असल्यामुळे सकाळी मनगटावर लावलेले अत्तर आणि त्याच मनगटावर संध्याकाळी उरलेले अत्तर यांची घडण एकसारखी राहत नाही. मुंबईत महंमद अली रस्त्यावर किंवा भेंडीबाजारात अत्तराची खरेदी ज्या रीतीने चालते, तिच्यात या बदलाला फारसा वाव मिळत नाही. विक्रेता बाटलीचे बूच काढतो, बुचाला जोडलेली काचेची कांडी गिऱ्हाइकाच्या हाताच्या पाठीवर टेकवतो, गिऱ्हाईक हुंगते, मग दुसरी बाटली उघडते, मग तिसरी, आणि थोड्याच वेळात चार-पाच वास एकाच हातावर एकमेकांत मिसळलेले असताना सौदा ठरतो. अशा खरेदीत पारख होते ती अत्तराच्या पहिल्या काही मिनिटांची, आणि वापरात येतात ते मात्र त्यानंतरचे आठ-दहा तास. अत्तर पारखणाऱ्याचे बहुतेक कसब ही तफावत ओळखण्यातच खर्च होते.

हा बदल समजण्यासाठी अत्तर कसे तयार होते याकडे आधी पाहावे लागते. उत्तर प्रदेशातील कनौज येथे चालत आलेल्या पद्धतीत फुले आणि पाणी ‘देग’ नावाच्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात घालून झाकण मातीने लिंपून घट्ट बंद करतात, खाली लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा जाळ ठेवतात, आणि फुलांचा गंध घेऊन निघालेली वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे ‘चोंग्या’तून, पाण्याच्या हौदात बसवलेल्या ‘भपक्या’त उतरते. भपका हेही तांब्याचेच, लांब मानेचे भांडे असून त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, तिच्यातील गंधद्रव्ये चंदनतेलात शोषली जातात, तळाशी साठलेले पाणी काढून पुन्हा देगेत घालतात, आणि नव्या फुलांवर हीच क्रिया अनेक दिवस चालवून चंदनतेल फुलांच्या गंधाने तृप्त करतात. म्हणून पारंपरिक गुलाबाचे अत्तर हे एकट्या गुलाबाचे तेल नसते. चंदनाच्या तेलात मुरवलेला गुलाब असे त्याचे खरे वर्णन आहे. ज्यात चंदनतेल अजिबात नसते अशा शुद्ध वनस्पतितेलाला व्यापारात ‘रूह’ म्हणतात, आणि रूह गुलाब किंवा रूह खस यांची किंमत त्यामुळेच अत्तरापेक्षा पुष्कळ चढी असते.

चंदनतेलाची निवड केवळ त्याच्या वासासाठी झालेली नाही. त्याचे मुख्य घटक अल्फा-सँटालॉल आणि बीटा-सँटालॉल हे असून आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चांगल्या भारतीय चंदनतेलात पहिल्याचे प्रमाण ४१ ते ५५ टक्के आणि दुसऱ्याचे १६ ते २४ टक्के असावे लागते. या द्रव्यांचे रेणू जड असतात, त्यांचा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सियसच्या आसपास असतो, आणि म्हणून त्वचेच्या उष्णतेने ती अत्यंत सावकाश उडतात. मिश्रणातून एखादे द्रव्य किती वेगाने उडेल हे त्याच्या स्वतःच्या बाष्पदाबावर, म्हणजे द्रवातून वायुरूपात जाण्याच्या ओढीवर, अवलंबून असते, तसेच मिश्रणात त्याचा वाटा किती आहे यावरही अवलंबून असते. जड चंदनतेलात विखुरलेल्या हलक्या रेणूंचा वाटा थोडा असल्यामुळे ते एकदम न निसटता टप्प्याटप्प्याने बाहेर पडतात. फवाऱ्याच्या परदेशी सुगंधात मद्यार्क मुख्य असतो, तो लावताक्षणी उडतो आणि वरचे हलके वास आपल्याबरोबर उसळवतो; अत्तरात ही उसळी नसते, आणि पहिल्या हुंगण्यात अत्तर दबलेले वाटते याचे हेच कारण आहे. मद्यार्काच्या सुगंधाची सवय झालेले नाक चांगल्या अत्तराला पहिल्या मिनिटात कमी गुण देते, आणि हा अन्याय दुकानात रोज घडत असतो.

वास किती टिकतो याचे पद्धतशीर मोजमाप करण्याचा प्रयत्न इंग्रज सुगंधतज्ज्ञ विल्यम पाउचर यांनी केला आणि १९५५ मध्ये अनेक गंधद्रव्यांना १ ते १०० असे अंक दिले. लवकर उडणाऱ्यांना लहान अंक, तर चंदन, पचौली यांसारख्या सर्वांत टिकाऊ द्रव्यांना १०० हा अंक. सुगंधाचे वरचे, मधले आणि तळचे असे जे तीन थर आज सर्वत्र सांगितले जातात, त्यांना या कोष्टकाने आकड्यांचा आधार दिला. मात्र ही मापे कागदाच्या पट्टीवर घेतलेली होती, आणि कागद म्हणजे त्वचा नव्हे.

म्हणून काळजीपूर्वक परीक्षा करणारा माणूस कागद आणि त्वचा दोन्ही एकाच वेळी वापरतो. अंघोळीचा सुगंधी साबण, तेल, मलम यांचा अंश नसलेला हाताच्या आतल्या बाजूचा भाग निवडावा, बिनवासाच्या साबणाने तो धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा, आणि कांडीचे टोक फक्त एकदा टेकवावे. थेंब ओघळेल इतके अत्तर घेतल्यास पातळ थराऐवजी लहानसे डबके तयार होते आणि सारा क्रम लांबतो. दुसरे अत्तर पाहायचे असेल तर ते दुसऱ्या हातावर घ्यावे. त्याच क्षणी जाड शोषक कागदाची अरुंद पट्टी, जिला येथे वासपट्टी म्हणता येईल, त्याच अत्तरात बुडवून तिच्यावर वेळ लिहून ठेवावी. त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असते आणि कागद खोलीच्या तापमानाला राहतो, म्हणून मनगटावर जे तासाभरात दिसते ते पट्टीवर पुष्कळ उशिरा येते. पट्टीवरचा वास अत्तराबद्दल सांगतो, मनगटावरचा वास अत्तर आणि माणूस या जोडीबद्दल, आणि दोन्ही समोर असल्याखेरीज कोणता बदल कशामुळे झाला हे निश्चित करता येत नाही.

चंदनावर उतरवलेले गुलाबाचे अत्तर अशा परीक्षेला घेतले तर क्रम साधारणपणे असा दिसतो. कांडी टेकवताच तेल थंड असते आणि जवळजवळ काहीच जाणवत नाही. अर्ध्या-एक मिनिटात थर पसरून कोमट होतो आणि पहिल्यांदा जो वास वर येतो तो अपेक्षित गोड गुलाबाचा नसून हिरवट, किंचित धातूसारखा, देठ मोडल्यावर येतो तसा तीक्ष्ण असतो. रोझ ऑक्साइड नावाचे हलके द्रव्य या छटेला मुख्यतः जबाबदार आहे. अनेकांना ती आवडत नाही, आणि ती भेसळीची खूण आहे असा समजही आढळतो, पण ती गुलाबाचीच आहे. दहाएक मिनिटांनी ती मागे सरते आणि सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल व फेनिलएथिल अल्कोहोल या तीन घटकांनी बनलेला भरदार, मधाळ गुलाब प्रकट होतो, ज्याला गुलकंदाच्या बरणीचे झाकण उघडल्यावर येणाऱ्या वासाचीच उपमा शोभते. यांतले फेनिलएथिल अल्कोहोल पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनात त्याचा मोठा हिस्सा गुलाबपाण्यात निघून जातो. भपक्यातील चंदनतेल त्यातला काही भाग धरून ठेवते आणि पाणी पुन्हा देगेत जात असल्याने उरलेल्यालाही आणखी संधी मिळते. अत्तराचा गुलाब निव्वळ गुलाबतेलापेक्षा अधिक मऊ वाटतो तो बहुधा यामुळे.

दोन-तीन तासांनंतरची अवस्था सर्वांत बोलकी असते. तिन्ही मुख्य घटक विरळ होऊ लागतात, चंदन खालून वर येते, आणि तरीही गुलाब पुसला जात नाही. तो सुकलेल्या पाकळ्यांचा, किंचित फळासारखा, गडद होऊन राहतो. बीटा-डॅमसेनोन हे द्रव्य गुलाबतेलात एक टक्क्याहूनही कमी असते, परंतु माणसाच्या नाकाला ते इतक्या अल्प मात्रेत ओळखू येते की गुलाबाच्या एकूण वासात त्याचा वाटा त्याच्या वजनाच्या मानाने फार मोठा ठरतो. संख्येने प्रबळ असलेले घटक निघून गेल्यावर हाच अल्पसंख्य घटक फुलाची ओळख सांभाळतो. रात्र उलटल्यावर मनगटावर उरते ते जवळजवळ निव्वळ चंदन, दुधाळ, कोरडे, त्वचेपासून दोन बोटांच्या अंतरापलीकडे न जाणारे.

सगळीच अत्तरे असा प्रवास करत नाहीत. वाळ्याचे, म्हणजे खसाचे, तेल जवळजवळ सर्वस्वी जड रेणूंचे बनलेले असल्यामुळे त्यांच्या उडण्याच्या वेगांत फारसा फरक नसतो, आणि सकाळी लावलेला वाळा संध्याकाळी फक्त मंद झालेला असतो, बदललेला नसतो. याच्या उलट टोकाला ओडिशातील गंजाम जिल्ह्याचा केवडा आहे; त्याच्या तेलात एकट्या फेनिलएथिल मिथिल ईथर या हलक्या द्रव्याचाच वाटा निम्म्याहून अधिक असतो, म्हणून लावताच खोली भरते आणि थोड्या वेळाने केवडा गेला कुठे असा प्रश्न पडतो. हिवाळ्यात वापरल्या जाणाऱ्या हिना किंवा शमामा या अत्तरांत मसाले, मुळ्या, शैवाक आणि सुगंधी वनस्पती एकत्र उतरवलेल्या असतात, आणि हलक्यापासून जडापर्यंत प्रत्येक पायरीवर कोणते ना कोणते द्रव्य असल्यामुळे त्यांच्यात टप्पे वेगळे काढणे कठीण जाते. परीक्षेसाठी शमामा हे सर्वांत अवघड आणि, नि:संकोच म्हणायचे तर, सर्वांत रंजक अत्तर आहे.

एकच अत्तर दोन माणसांच्या अंगावर निराळे का वाटते याची चर्चा नेहमी त्वचेच्या आम्लतेपर्यंत जाऊन थांबते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते हे खरे, परंतु माणसामाणसांतला तो थोडासा फरक काही तासांत गुलाबाचा मोगरा करील असे मानण्यास फारसा आधार नाही. त्याहून ठोस कारणे साधी आहेत. तेलकट त्वचेवरचा स्निग्ध स्राव गंधद्रव्ये स्वतःत विरघळवून धरतो आणि कोरड्या त्वचेवरून ती लवकर उडतात; काही द्रव्ये हवेत न जाता त्वचेतच मुरतात; उष्णता वाढली की सारा क्रम आखडतो. मे महिन्यातील नागपूरच्या कोरड्या उन्हात जे अत्तर दुपारपर्यंत संपते ते पावसाळ्यातील रत्नागिरीत रात्रीपर्यंत रेंगाळते, आणि माणूस तोच असतो. मनगटे एकमेकांवर घासल्याने रेणू तुटतात हा समजही असाच टिकून आहे. घासण्याने रेणू तुटत नाहीत, थर पसरतो, तापतो आणि त्वचेच्या स्रावात मिसळतो, त्यामुळे वरचे वास लवकर जातात एवढेच.

त्वचेच्या नावावर खपवला जाणारा बराचसा फरक खरे तर नाकात असतो. सतत येणाऱ्या वासाची जाणीव मेंदू थोड्याच वेळात कमी करतो, म्हणून स्वतःला अत्तर उडून गेले असे वाटत असताना शेजारच्याला ते स्पष्ट येत असते. दुकानांत मध्ये मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देण्याची पद्धत पडली आहे, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा अधिक उपयोग प्रयोगांत आढळलेला नाही. दारात जाऊन उभे राहणे तितकेच उपयुक्त. याशिवाय जन्मजात भेद असतात. बीटा-आयोनोन हे द्रव्य काहींना फुलांसारखे गोड, तर काहींना आंबूस व बोचरे लागते, आणि हा भेद एका विशिष्ट गंधग्राहक जनुकाच्या रूपांवर अवलंबून असल्याचे २०१३ मध्ये दाखवून देण्यात आले. हेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात गुलाबातही असल्याने दोन जाणकार एकाच अत्तराबद्दल वाद घालत असतील तर दोघेही प्रामाणिक असू शकतात.

सुगंधविद्येची जुनी परंपरा मिश्रणाबद्दल विस्ताराने बोलते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. गंगाधराच्या ‘गंधसार’ या ग्रंथाकडे आणि त्याच्याबरोबरच्या, मराठी टीका असलेल्या ‘गंधवाद’ या लेखनाकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. सुगंध घडवण्याच्या भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन या सहा क्रिया गंधसारात सांगितल्या आहेत, आणि त्या यादीकडे पाहता एका द्रव्याने दुसऱ्याला कसे खुलवावे याचा विचार किती बारकाईने झाला होता हे लक्षात येते.

आजच्या बाजारात दीर्घ परीक्षेची गरज वाढली आहे, कारण चंदनतेल महाग आणि दुर्मिळ झाल्यापासून पुष्कळ अत्तरे द्रव पॅराफिनवर किंवा डायऑक्टिल थॅलेटसारख्या बिनवासाच्या द्रावकावर तयार होतात. पहिल्या तासात हा फरक ओळखणे कठीण असते, कारण फुलाचा वास दोन्हींत पुढे असतो. तो उघड होतो सहा-सात तासांनंतर: चंदनाच्या अत्तराला शेवट असतो, पॅराफिनच्या अत्तराला तो नसतो, फूल जाते आणि मागे चिकट, निर्गंध थर राहतो. कृत्रिम चंदनद्रव्य मिसळलेले असेल तर तिसरीच गोष्ट दिसते, शेवट असतो पण तो पहिल्यापासून तसाच, एकसुरी आणि काहीसा कोरडा, गुलाबाबरोबर न बदलणारा. खात्रीसाठी वायु-वर्णलेखन, म्हणजे मिश्रणातील घटक यंत्राने वेगळे करून मोजण्याची पद्धत, आवश्यक ठरते; नाकाने संशय घेता येतो, पुरावा देता येत नाही. त्वचेवर खाज किंवा लाली उठल्यास परीक्षा तेथेच थांबवावी, कारण जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल ही अस्सल गुलाबातील द्रव्येही युरोपीय संघाच्या ॲलर्जीकारक द्रव्यांच्या यादीत आहेत, आणि नैसर्गिक म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत.

नुकतेच उतरवलेले अत्तर या कसोटीत नेहमी कमी पडते. त्यात पाण्याचा अंश राहिलेला असतो, धुराची आणि शिजलेल्या फुलांची छटा असते, आणि ती मनगटावर पहिल्या तासभर पुढे येत राहते. कनौजमध्ये अत्तर चामड्याच्या ‘कुप्पी’त भरून ठेवण्याची रीत याचसाठी होती, कारण चामड्यातून ओल बाहेर झिरपते आणि तेल आत राहते, काचेच्या बाटलीत हे घडत नसल्याने तेथे पाणी आधीच काळजीपूर्वक वेगळे करावे लागते. म्हणून जाणता व्यापारी नव्या मालाबद्दल लगेच मत देत नाही, नमुन्याची बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवतो, आणि काही महिन्यांनी तेच अत्तर पुन्हा मनगटावर आणि पट्टीवर घेऊन पहिल्या नोंदीशी ताडून मगच त्याचा भाव ठरवतो.