पायाला मुंग्या आल्या, पण गेल्याच नाहीत तर?

कांद्याची खुरपणी सुरू झाली की आपल्या बैठकीत एक बोलणं हमखास निघतं. "दिवसभर उकिडवं बसून पाय अगदी बधिर होतो गं!" मग सगळ्याच हसतात, कारण ते सगळ्यांचंच असतं. उठायचं, पाय झटकायचा, चार पावलं टाकायची. मुंग्या निघून जातात आणि आपण पुन्हा ओळीत बसतो.

अशा मुंग्यांची काळजी करायची नाही. आज आपण बोलणार आहोत न जाणाऱ्या मुंग्यांबद्दल, आणि त्यासोबत एका बाजूचा पाय किंवा हात लुळा वाटला तर काय समजायचं, याबद्दल.

आमच्या ओळखीच्या एका ताईंची गोष्ट सांगतो. चार दिवस सलग खुरपणीला गेल्या होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी येताना डाव्या पायातली चप्पल कधी निसटली, त्यांना कळलंच नाही. उंबऱ्याला बोटं अडकली आणि त्या पडल्या. पाऊल वर उचलायला जावं तर उचलेना. घरात एकच गोंधळ. कोणी म्हणालं, अंगावरून वारं गेलं. रात्री तेल चोळलं आणि तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पावलावर ठेवली. पाऊल बधिर होतं, म्हणून चटका बसतोय हे ताईंना समजलं नाही. सकाळी पाहिलं तर पावलावर मोठे फोड. तीन आठवड्यांनी त्या मोठ्या दवाखान्यात पोचल्या. तिथे कळलं की वारं वगैरे काही नाही, गुडघ्याजवळची नस दबली आहे. ती नस तीन-चार महिन्यांत सावरली. भाजल्याची जखम मात्र त्याहून जास्त दिवस चिघळत राहिली.

ही नस आहे कुठे? आता ऐकता ऐकताच हात लावून बघा. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, एक टणक हाडाचा उंचवटा लागेल. त्याच्या जरा खाली ही नस हाडाला वळसा घालून पुढे येते. तिच्यावर मांस जवळजवळ नाहीच, वर कातडी आणि खाली हाड. आपण शिरा म्हणतो त्या रक्ताच्या. ही नस वेगळी. ती मेंदूचा निरोप पायाला पोचवते आणि पायाची जाणीव मेंदूला कळवते. पाऊल वर उचलायचं काम तिच्याकडे असतं. तासन् तास उकिडवं बसलं की ती दबते. थोडा वेळ दबली तर मुंग्या येतात. फार वेळ, रोज रोज दबली तर नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो, आणि पाऊल खाली लोंबतं. अंगावर मांस कमी असलेल्या बायकांना हा त्रास लवकर होतो. पायावर पाय टाकून बराच वेळ बसल्यानेही होतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. फिनलंडमध्ये बसून स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांची पावलं अशीच पडली होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी १९७७ साली त्यावर लिहिलं. पीक वेगळं, देश वेगळा, पण बसणं तेच.

आता एक सोपी तपासणी. गटाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून करा. भिंतीला हात टेकवा, चवडे वर उचला आणि नुसत्या टाचांवर दहा पावलं चाला. दोन्ही चवडे सारखे वर राहिले तर ठीक. एक चवडा खाली पडत असेल, किंवा बसल्या जागी एका पायाचा अंगठा वर ओढता येत नसेल, तर ती कमजोरी आहे, नुसत्या मुंग्या नव्हेत. अशा वेळी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाब थांबला तर बहुतेकींची नस काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत सावरते. तोवर पाऊल वर धरून ठेवणारी पट्टी आणि व्यायाम डॉक्टर सांगतात. तेवढे दिवस उकिडवं बसणं पूर्ण बंद.

बधिरपणाची कारणं आणखीही आहेत. ओळखायला सोपं जावं म्हणून एकेक सांगतो.

कमरेतून किंवा कुल्ल्यातून कळ निघून पायात उतरते, खोकलं-शिंकलं की वाढते, तर नस कमरेत दबलेली असू शकते. यात एक गोष्ट लाज सोडून सांगायची. मांड्यांमधली, लघवीच्या जागेभोवतालची जाणीव गेली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. उशीर झाला तर हे नुकसान कायमचं राहू शकतं.

मोजे घातल्यासारखे दोन्ही पाय बोटांपासून वर बधिर होत असतील, तर रक्तातली साखर तपासून घ्या. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तरीही असं होतं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, तर आशाताईंना दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, सहा महिने ते एक वर्ष घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो. लपवलं तर मात्र नस कायमची जाते.

आता सगळ्यात घाईची गोष्ट. आमच्या भागातल्या एका आजींचा उजवा हात आणि उजवा पाय सकाळी चहा पिता पिता जड झाला. घरचे म्हणाले, "मुंग्या आल्या असतील, जरा पडा." संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. आजी आजही पाय ओढत चालतात. ताईंच्या घरी नस दबली तिला लकवा म्हटलं, आणि आजींच्या घरी लकव्याला मुंग्या म्हटलं. दोन्हीकडे चूक एकच झाली. नीट न बघता नाव ठेवलं.

म्हणून बघायचं काय? माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतंय का? दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक हात खाली येतोय का? नाव-गाव विचारा, बोलणं अडखळतंय का? यातलं एक जरी अचानक झालं, किंवा एका अंगाची ताकद एकाएकी गेली, तर तो मेंदूचा झटका समजा आणि लगेच १०८ ला फोन करा. ही गाडी मोफत आहे. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणून माणूस शेवटचं कधी धडधाकट होतं ती वेळ लक्षात ठेवा, आणि सीटी स्कॅन जिथे होतो तिथेच न्यायला सांगा. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका, ठसका लागून श्वास अडकू शकतो. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी जायचंच, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

आणि नस आहे की झटका, हे कळतच नसेल तर? झटका समजूनच निघा. नस निघाली तर एक फेरी वाया जाईल, एवढंच.

आता आपल्या हातात काय आहे ते. खुरपताना छोट्या पाटावर बसा, किंवा एक गुडघा जमिनीला टेकवा आणि थोड्या वेळाने पाय बदला. पंधरा-वीस मिनिटांनी उभं राहा. तुम्ही म्हणाल, मुकादम बघतो, एकटी उठली की बोलणी खाते. खरं आहे. म्हणूनच हे एकटीने करायचं नाही. एका गटाने ठरवलं, ओळ संपली की सगळ्या एकदम उठणार, पाणी पिणार, पाय झटकणार आणि मगच पुढची ओळ धरणार. सगळ्याच उठल्या, तेव्हा कोणा एकीला बोलायला जागाच उरली नाही.

आणि बधिर पायावर शेक नको. गरम वीट नको, कढत पाणी नको, जोरात रगडणं नको. ज्या पायाला चटका कळत नाही, त्याला शेक कसला द्यायचा?

या आठवड्याच्या बैठकीत टाचांवर चालून बघा. घरातल्या सासूबाईंनाही चालायला लावा, हात धरून. कोणाचा चवडा पडत असेल तर तिला दवाखान्यात एकटी पाठवू नका, गटातली एखादी सोबत जा. पुन्हा भेटूच. नमस्कार.