दिवे मालवा, म्हणजे तारे दिसतील!



आकाशदर्शनाचा कार्यक्रम असला की एक गोष्ट हमखास होते. कोणीतरी दुर्बिणीला डोळा लावतो आणि म्हणतो, "गुरुजी, काहीच दिसत नाही!" मग तो हिरमुसला होऊन घरी जातो. त्याला वाटते, दुर्बीण तरी खराब आहे, नाही तर आपला डोळा तरी अधू आहे. पण पुष्कळ वेळा दोष दुर्बिणीचाही नसतो आणि डोळ्याचाही नसतो. दोष असतो उजेडाचा. तो कसा, ते सांगतो.

भर उन्हातून आपण माजघरात शिरलो, की पहिल्यांदा काळोखच दिसतो. हंडा कुठे, पाट कुठे, काही कळत नाही. थोड्या वेळाने सगळे दिसू लागते. असे का होते? उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली बारीक, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर असते. अंधारात ती मोठी होते, तरुण माणसाची तर ७ मिलिमीटरपर्यंत. हे काम लवकर होते.

पण खरे काम आत, डोळ्याच्या पडद्यावर चालते. तिथे दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी सुमारे ६० लाख. त्या उजेडात काम करतात आणि रंग दाखवतात. काठीसारख्या पेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक उजेडातही पाहतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. या काठीपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचा पदार्थ असतो. उजेड पडला की तो मोडतो आणि अंधारात पुन्हा तयार होतो. पुरेसा तयार व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून नुसते बाहेर येऊन लगेच वर पाहिले तर थोडेच तारे दिसतात. अर्धा तास दम धरला तर आकाश भरून जाते. अशा वेळी कोणी मोबाईलची बॅटरी लावली, तर एका क्षणात सगळ्यांची कमाई बुडते! पुन्हा पहिल्यापासून वाट पाहायची.

आता व्याख्यानाचे पाहू. वर्गात प्रोजेक्टरवर चित्रे दाखवताना खिडक्यांना चादरी लावतात. का? प्रोजेक्टर पडद्यावर उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. वर्गात दिवा असेल तर त्याचा उजेड पडद्यावर पडतो. मग चित्रातले काळे आकाश राखाडी दिसते आणि बारीक तारे त्यात बुडून जातात. बोलणाऱ्याला वही वाचायला एक छोटा दिवा पुरे, तोही खाली तोंड केलेला. लहान मुले पुढे बसवावीत, उंच मंडळींनी मागे बसावे.

पण पडद्याचा उजेड पाहून डोळे दिपलेले असतात. म्हणून व्याख्यान संपताच दुर्बिणीकडे पळू नये. आधी मैदानात सतरंजीवर बसावे, नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखावीत. हिवाळ्यात मृगातले तीन तारे सापडतात, त्यांना म्हातारी माणसे तिकांडे म्हणतात. जवळच कृत्तिकांचा पुंजका असतो. तेवढ्यात अर्धा तास सहज जातो.

कार्यक्रमाला येताना एवढे करा :

१. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर लावा आणि रबर बँडने बांधा. काठीपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही.

२. मोबाईल खिशातच राहू द्या. फोटोसाठी फ्लॅश मारू नका.

३. मोटारसायकल लांब उभी करा आणि तिचा दिवा बंद ठेवा.

४. अंधुक गोष्ट पाहताना तिच्या किंचित बाजूला नजर ठेवा. नजरेच्या अगदी मध्यभागी काठीपेशी नसतात, बाजूला पुष्कळ असतात. देवयानीतली दीर्घिका अशी पाहिली तर जास्त चांगली दिसते. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. तो आपल्या बॅटरीने घालवायचा का?

५. कार्यक्रम अमावास्येच्या आसपास ठेवावा. पौर्णिमेच्या चांदण्यात अंधुक तारे लपतात.

आता पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ऱ्होडॉप्सिन तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले तर रातांधळेपणा येतो. अर्धा तास अंधारात बसूनही इतरांना दिसते ते एखाद्या मुलाला दिसत नसेल, किंवा दिवेलागणीला तो ठेचकाळत असेल, तर त्याला हसू नका, धांदरट म्हणू नका. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पिकलेली पपई, दूध, अंडी यांतून हे जीवनसत्त्व मिळते. शेवगा तर आपल्या बांधावरच असतो.

मुंबईची हौशी मंडळी तारे पाहायला मुद्दाम वांगणी, नेरळकडे जातात, कारण शहराच्या झगमगाटात आकाश दिसत नाही. आपल्याला अंधार घरबसल्या मिळाला आहे. तेव्हा मंडळी, पुढच्या कार्यक्रमाला जरूर या. फक्त अर्धा तास दिवा मालवून बसा.